बटाट्याच्या वाळवणाची कुळकथा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत पाककृती नेहमीच येतात; परंतु त्यांतील जिनसा कोठून आल्या, कोणाच्या हातांनी घडल्या, याची चौकशी आपण क्वचितच करतो. दागिन्याची घडणावळ रुपया-आण्यांत घासाघीस करून ठरविणाऱ्या आपण बायका, डब्यातल्या बटाट्याच्या किसाची घडणावळ मात्र कधी विचारीत नाही! म्हणून यंदा पाककृती न देता एका जिनसेची कुळकथा सांगावी असे मी योजिले आहे. ती जिन्नस म्हणजे बाजारात ‘पोटॅटो फ्लेक्स’ या नावाने मिळणारे बटाट्याचे सुके पापुद्रे. त्यांवर गरम पाणी ओतले की दोन-तीन मिनिटांत उकडून कुस्करलेला बटाटा तयार!

हा पुडा आपल्या पाककृती-वर्गात प्रथम आला तेव्हा दोन तट पडले होते. तरुण भगिनी म्हणाल्या, “किती वेळ वाचला!” वडीलधाऱ्या म्हणाल्या, “हे आयते. यात गृहिणीचे ते काय?” दोन्ही बाजूंचे मला पटत होते आणि पुरते पटतही नव्हते. तेव्हा या पापुद्र्यांचा मागोवा घेऊ लागले. आणि तो मला थेट दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतावर घेऊन गेला.

बटाट्याचे माहेर तेच. आजच्या पेरू आणि बोलिव्हिया या देशांतील उंच पठारांवर तेथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी बटाटा लागवडीखाली आणला. त्या पठारावर जून-जुलैत कडक थंडी असते. रात्री दहिवर गोठते, दुपारी लख्ख ऊन पडते. तेथील शेतकरी कुटुंबे बटाटे उघड्यावर पसरून ठेवतात. रात्री ते गोठतात, दिवसा सैल पडतात. मग घरची बायामाणसे, पुरुष, मुले अनवाणी पायांनी ते तुडवून त्यांतले पाणी काढतात. असे काही दिवस केले, नंतर उन्हात खडखडीत वाळविले, की त्याचा ‘चुन्यो’ होतो. पांढरा चुन्यो करावयाचा तर बटाटे वाहत्या पाण्यात कित्येक दिवस बुडवून ठेवतात, म्हणजे कडू जातीचा कडवटपणाही निघून जातो. हा चुन्यो वर्षानुवर्षे टिकतो. इंका राजांची कोठारे त्याने भरलेली असत.

स्पॅनिश लोकांनी हे राज्य जिंकले आणि १५४५ मध्ये पोतोसी येथे चांदीच्या खाणी सापडल्या. तेथे राबणाऱ्या मजुरांचे पोट याच चुन्योवर भरे. पेद्रो सिएसा दे लेओन या स्पॅनिश बखरकाराचा ग्रंथ १५५३ मध्ये छापला गेला. पोतोसीला चुन्यो नेऊन विकून काही स्पॅनिश माणसे धनाढ्य झाली, असे त्याने त्यात नमूद केले आहे. तुडविणारे पाय एकाचे आणि भरणारी थैली दुसऱ्याची, हा व्यवहार काही नवा नव्हे.

समुद्र ओलांडून बटाटा युरोपात गेला आणि पोर्तुगिजांच्या पाठोपाठ आपल्या किनाऱ्याला लागला. आपला ‘बटाटा’ हा शब्दच पोर्तुगीज आहे. तो त्यांनी कॅरिबियन बेटांवरून उचलला, आणि तिकडे तो मुळात रताळ्याचा होता! उत्तरेकडे ‘आलू’ म्हणतात, आपण रताळ्याचे नाव बटाट्याला देऊन बसलो. गंमत अशी की, हा परदेशी कंद आपल्याकडे उपासालाही चालू लागला. गहू-तांदूळ पिढीजात घरचे, ते एकादशीला वर्ज्य; आणि सातासमुद्रांपलीकडून आलेला बटाटा फराळाच्या ताटात! पुढे त्याला आपण आपल्या वाळवणातही बसविले. चैत्र-वैशाखात गच्चीवर धुतलेले धोतर अंथरून त्यावर किसलेल्या बटाट्याचे वेटोळे घातले नाही, असे घर आपल्या आयांच्या पिढीत विरळाच.

इकडे आपण किस घालीत होतो, तिकडे युरोप-अमेरिकेत सुक्या बटाट्याची ओढ लागली होती ती सैन्याला. ताजा बटाटा वजनाने जड, शिवाय कुजणारा. त्यात सुमारे ऐंशी टक्के पाणी. तेवढे पाणी छावणीमागून वाहून न्यायचे कशाला? १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धात सैनिकांना सुकविलेल्या भाज्यांच्या दाबून केलेल्या वड्या मिळत. इंग्रजीत ‘सुकविलेल्या’ आणि ‘विटाळलेल्या’ हे शब्द उच्चाराला जवळचे आहेत; सैनिकांनी या वड्यांना दुसरा शब्द बहाल केला, यावरून त्यांची चव ध्यानात यावी. दुसऱ्या महायुद्धात सुका बटाटा प्रचंड प्रमाणावर तयार झाला, परंतु पाण्यात कालवल्यावर तो बहुधा खळीसारखा चिकट होई.

त्याचे कारण बटाट्याच्या अंगातच आहे. त्याचे पिठूळ सत्त्व बारीक बारीक पेशींत कोंडलेले असते. शिजवून कुस्करताना किंवा वाळविताना या पेशी फुटल्या, की आतले सत्त्व बाहेर येऊन चिकी तयार होते. पेशी न फोडता पाणी काढायचे, ही खरी अडचण होती.

ती सोडविण्याची निकड युद्धानंतर आली. अमेरिकेत बटाटा उदंड पिकला. शेतकऱ्याला हमीभाव देण्यासाठी सरकारने तो विकत घेतला आणि मग ठेवायला जागा पुरेना. १९५० च्या सुमारास असे बटाटे पुन्हा बाजारात येऊ नयेत म्हणून त्यांवर निळा रंग टाकण्यापर्यंत पाळी आली होती. पिकविलेल्या अन्नाची ही दशा वाचून माझ्या जिवाला चटका लागला. जादा पिकाचे काय करावे याचा शोध घेण्यासाठी १९३८ च्या कायद्यान्वये त्या देशात चार प्रयोगशाळा निघाल्या होत्या. त्यांपैकी फिलाडेल्फियाजवळच्या विंडमूर येथील प्रयोगशाळेत जेम्स कॉर्डिंग आणि माइल्स विलार्ड या दोघांनी हा प्रश्न हाती घेतला. त्यांच्या पद्धतीचे पेटंट १९५६ मध्ये मंजूर झाले. पुढे कॅनडात एडवर्ड ॲसेलबर्ग्स यांनीही या पापुद्र्यांवर काम केले.

विंडमूरची युक्ती ऐकण्यासारखी आहे. बटाट्याच्या चकत्या प्रथम सुमारे सत्तर अंश सेल्सियसच्या पाण्यात वीसेक मिनिटे ठेवायच्या, म्हणजे अर्ध्याकच्च्या करायच्या. मग त्या थंड पाण्यात पूर्ण गार करायच्या. त्यानंतर वाफेवर शिजवून कुस्करायच्या आणि तो लगदा वाफेने तापलेल्या फिरत्या पिंपावर पातळ थरात पसरायचा. काही सेकंदांत तो वाळतो आणि कागदासारखा सोलून निघतो. त्याचे तुकडे म्हणजे हे पापुद्रे. मधल्या गार करण्यामुळे पेशींतले सत्त्व आतल्या आत बसते आणि नंतर चिकटत नाही. या संशोधनाला २००७ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीने राष्ट्रीय ऐतिहासिक महत्त्वाचे म्हणून गौरविले.

भगिनींनो, हे वाचताना मला हसू आले. “बटाटा अर्धवट उकड, पुरता गार होऊ दे, मग किस, ऊन ऊन किसलास तर लगदा होईल,” हे माझी आई दर उन्हाळ्यात बजावीत असे. तिच्या आईने तिला तेच सांगितले होते. सत्त्व, पेशी हे शब्द त्यांच्या कानांवर कधी आले नव्हते. परंतु गार केल्याने चिकटपणा जातो हे त्यांच्या बोटांना ठाऊक होते. शास्त्रज्ञांनी त्यामागचे कारण शोधले, अंश आणि मिनिटे ठरविली, यंत्र बांधले. त्यांचे श्रेय त्यांना आहेच. आपल्या आज्यांच्या बोटांनाही थोडे द्यावे, एवढेच माझे म्हणणे.

पुढे हा माल घरोघर पोचला. १९७० नंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये ‘स्मॅश’ या पुड्याची जाहिरात फार गाजली. तीत मंगळावरची पत्र्याची माणसे पृथ्वीवरच्या लोकांची टिंगल करीत. हे खुळे सुरीने बटाटे सोलतात, उकडतात आणि मग त्यांचा चेंदा करतात म्हणे! लोक पोट धरून हसले. पण सोलण्याचे काम बहुतेक घरांत कोण करीत होते, हे त्या हसण्यात कोणाला आठवले असेल का, असे मला वाटून गेले.

बायकांनी मात्र त्या पुड्याला आपल्या कामाला जुंपले. अमेरिकेत वसलेल्या नॉर्वेजियन कुटुंबांत ‘लेफ्से’ नावाची बटाट्याची पातळ पोळी करतात. ती लाटण्याने लाटून, लांब लाकडी पट्टीने उचलून तव्यावर टाकतात. सणासाठी डझनांवारी लेफ्से करणाऱ्या कित्येक गृहिणींनी उकडण्या-कुस्करण्याचे काम पापुद्र्यांवर सोपविले आणि लाटणे आपल्या हाती ठेविले. काहींनी पापुद्रे, साखर आणि पाणी यांवर पावाचे आंबवण पोसले. चर्चमधील महिला मंडळांच्या पाककृती-पुस्तिकांत अशा कृती सापडतात. म्हणजे आपल्यासारख्याच मंडळांनी हा इतिहास लिहून ठेविला आहे.

आपल्या वर्गात जे पदरात पडले तेही येथे नोंदविते. शंभर ग्रॅम पापुद्र्यांना सुमारे चारशे मिलिलिटर पाणी पुरते. टिक्की किंवा पराठ्याचे सारण घट्ट हवे तर तीनशे. पाणी चांगले गरम असावे, खळखळते नको. ओतल्यावर दोन मिनिटे हात लावू नये, मग काट्याने हलके मोकळे करावे. घोटले की पेशी फुटून खळ झालीच. कटलेटचे मिश्रण सैल झाले, तर ब्रेडच्या चुऱ्याऐवजी मूठभर पापुद्रे घालावे. पातळ रश्श्याला किंवा सूपला चमचाभराने दाटपणा येतो. थालीपिठाच्या भाजणीत थोडे मिसळल्यास थालीपीठ मऊ राहते. उपासासाठी घेताना पुड्यावरची घटकांची यादी वाचावी; काहींत दुधाची भुकटी, मसाला किंवा इतर पदार्थ असतात. आणि वाळविताना क जीवनसत्त्व बरेचसे जाते, म्हणून ताज्या बटाट्याला रजा देऊ नये.

माझ्या सासूबाईंची बोटे संधिवाताने वाकली आहेत. किसणी धरवत नाही म्हणून त्यांनी दोन वर्षे स्वयंपाकघराकडे पाठ फिरविली होती. गेल्या आषाढी एकादशीला त्यांनी साधे पापुद्रे भिजवून, त्यांत वरीचे पीठ, दाण्याचे कूट, मिरची आणि जिरे घालून स्वतः थालीपिठे थापली. मिठाचा अंदाज त्यांचा, तव्याची पारख त्यांची, कडेने सोडलेल्या तुपाची धारही त्यांचीच. ती ‘आयती’ होती, असे म्हणण्याची आमच्या घरात कोणाची छाती झाली नाही.

चुन्यो तुडविणारे पाय, किस घालणारी बोटे आणि विंडमूरचे फिरते पिंप ही सारी एकाच कुळातली. श्रम वाचावे, अन्न वाया जाऊ नये, अडीअडचणीला घरात काही असावे, एवढ्याचसाठी ती झटली. वाचलेला वेळ मात्र पुन्हा ओट्यापाशीच खर्ची पडू नये. तो वाचनाला, मंडळाला किंवा नुसत्या विसाव्याला मिळावा, हे पाहणे आपले काम. तेवढे यंत्राच्या हाती नाही.