गुन्हा कशास म्हणावे?

इ. स. १७७३ च्या ऑगस्टच्या ३० तारखेस पुण्यात शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला. इ. स. १७७५ च्या ऑगस्टच्या ५ तारखेस कलकत्त्यात महाराजा नंदकुमार यांस फाशी देण्यात आले. दोहोंत अंतर अवघे दोन वर्षांचे. एरवी या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. पण महाराष्ट्र सोडून नोकरीनिमित्त या गंगातीरी येऊन राहिलेल्या मनुष्यास त्या एकापाठोपाठ आठवतात, आणि त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे एक जुनाच प्रश्न नव्याने पुढे उभा राहतो. पुण्यात गुन्हा सूर्यप्रकाशाइतका उघड होता, पण ज्याच्यावर त्याचे बालंट येत होते तोच सत्तेच्या गादीवर बसला होता. कलकत्त्यात सत्ता शासन करण्यास सिद्ध होती. प्रश्न होता तो गुन्हा कोणत्या कायद्याने ठरला, हा.

रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावास देहान्त प्रायश्चित्त सांगितले, ही कथा आपल्याकडे शाळकरी मुलासही पाठ असते. नंदकुमाराची कथा मात्र मराठी वाचकास तितकी परिचित नाही. मार्च १७७५ मध्ये त्यांनी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज यांच्यावर लाचखाऊपणाचा आरोप कौन्सिलपुढे केला. मे महिन्यात एका जुन्या रोख्याबाबत बनावट दस्तऐवज केल्याच्या फिर्यादीवरून त्यांस अटक झाली. जूनमध्ये सर न्यायाधीश इलायजा इंपे व त्यांचे सहकारी यांच्यापुढे, युरोपीय ज्यूरीच्या साहाय्याने, खटला चालला, आणि देहदंड ठरला. कोणत्या आधारे? तर इंग्लंडात बनावट दस्तऐवजास फाशी सांगणारा जॉर्ज राजाच्या अमदानीतील एक कायदा होता, तो कलकत्त्यासही लागू आहे असे न्यायालयाने धरले. हे सुप्रीम कोर्ट कलकत्त्यात उभे राहिले १७७४ मध्ये, रोखा त्याआधीचा. ज्या देशात त्या कृत्यास कधी कोणी फाशी दिली नव्हती, तेथील एका वृद्ध ब्राह्मणास, ज्याने तो कायदा ऐकलाही नसेल, त्या कायद्याखाली वर चढविण्यात आले. हेस्टिंग्ज आणि इंपे यांचे यात संगनमत होते की नव्हते, यावर पुढे मोठा वाद झाला. मेकॉलेने १८४१ च्या आपल्या निबंधात इंपेवर आसूड ओढले. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याने १८८५ मध्ये त्याच्या बचावार्थ ग्रंथ लिहिला. गंमत अशी की हे दोघेही निरनिराळ्या काळी याच शहरात हिंदुस्थान सरकारचे कायदेमंत्री होते. माझ्या मते संगनमत सिद्ध झाले नाही तरी अन्याय पुसला जात नाही. कृत्य घडल्यानंतर त्यास परका दंड लावणे हाच तो अन्याय.

त्या वेळच्या बंगालमध्ये फौजदारी कायदा एक नव्हता. कलकत्ता शहरात इंग्रजी कायदा, आणि शहराबाहेर पाऊल टाकताच कंपनीच्या रेग्युलेशनांनी ठिगळे लावलेला मुसलमानी कायदा. खुनाचा प्रकार पूर्वी कोणत्या हत्याराने मारले यावरून ठरे. १७९० मध्ये कॉर्नवॉलिसने ते बदलून मारणाऱ्याचा हेतू पाहावा असे ठरविले. बदल लहान वाटतो, परंतु पुढील सारी इमारत त्याच पायावर उभी आहे. आपल्या मुंबई इलाख्यात स्थिती थोडी निराळी होती. एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीची अखेर होता होता १८२७ मध्ये तेथे सत्तावीस रेग्युलेशनांची संहिता झाली आणि तिच्या चौदाव्या रेग्युलेशनात गुन्हे व शिक्षा एकत्र आल्या. पेशवाई बुडून दहा वर्षे होतात न होतात तोच ठाणे-रत्नागिरीपासून खानदेशापर्यंतच्या मामलेदारास एका ठिकाणी पाहता येईल असा फौजदारी कायदा मिळाला, ही गोष्ट आपण सहसा सांगत नाही. मेकॉलेच्या मंडळाने मात्र तिला फारसे महत्त्व दिले नाही. एकत्र जुळविलेली आहे, एवढाच तिचा गुण त्याने मानला.

या मंडळाचे काम चालले ते कलकत्त्यात. १८३३ च्या सनदी कायद्याने कायदा आयोग निर्माण झाला, आणि मेकॉले त्याचा अध्यक्ष झाला. मद्रासचा मॅक्लिऑड, मुंबईचा अँडरसन, बंगालचा मिलेट व चार्ल्स हे कॅमेरॉन हे त्याचे सहकारी. पण दुखण्याबाण्यांनी ते गळत गेले आणि मसुद्याचा बहुतेक भार एकट्या मेकॉलेवर पडला. चौरंगीवर, पुढे जेथे बंगाल क्लब आला, त्या जागी त्याचे बिऱ्हाड होते. ऑक्टोबर १८३७ मध्ये त्याने ४८८ कलमांचा मसुदा लॉर्ड ऑकलंडकडे धाडला, तेव्हा त्याला सदतीस वर्षेही पुरी झाली नव्हती. हिंदुस्थानी वाङ्मयाविषयी ज्याने अडाणीपणाची तुच्छता दाखविली, तोच हा मनुष्य. तरीही हा मसुदा वाचताना त्याच्या बुद्धीची धार नाकारता येत नाही, हे प्रांजळपणे म्हटले पाहिजे. नंतर तो मसुदा तेवीस वर्षे दफ्तरांत पडून राहिला. (सरकारी कचेरीत आयुष्य घालविणाऱ्या वाचकांस याचे नवल वाटणार नाही.) बेथ्यून आणि बार्न्स पीकॉक यांनी त्याची डागडुजी केली, १८५७ चा वणवा होऊन गेला, आणि ६ ऑक्टोबर १८६० रोजी तो कायदा होऊन १ जानेवारी १८६२ पासून अंमलात आला. १८६१ मध्ये पोलिसांचा कायदा आणि फौजदारी कामाच्या रीतीचा कायदाही झाला होता. म्हणजे शिपाई, त्याची कार्यपद्धती आणि त्याने ओळखावयाचे गुन्हे ही तिन्ही एका वर्षाच्या अवधीत सिद्ध झाली.

आता या पोथीत नव्या शिपायास पहिल्याप्रथम शिकविली जाते ती चोरीची व्याख्या पाहा. सामान्य मनुष्यास वाटते, दुसऱ्याची वस्तू उचलली की चोरी झाली. कायदा तेवढ्याने समाधान मानीत नाही. वस्तू जंगम पाहिजे. ती दुसऱ्याच्या ताब्यात पाहिजे. त्याची संमती नसली पाहिजे. मनात अप्रामाणिक हेतू पाहिजे. आणि त्या हेतूने वस्तू हलविली गेली पाहिजे. यांतील एक अंग गळले तर चोरी होत नाही, मग दुसरा गुन्हा होवो वा न होवो. मेकॉलेने येथे व्याख्येखाली दाखले घालण्याची युक्ती योजिली, आणि ही युक्ती म्हणजे त्याचा खरा विजय. ‘क’ हा ‘य’च्या जमिनीतील झाड लबाडीने तोडतो. झाड उभे असता ते जमिनीचा भाग होते, म्हणून त्याची चोरी होऊ शकत नव्हती. तुटताक्षणी ते जंगम झाले आणि त्याच क्षणी चोरी पुरी झाली, ते वाहून नेण्याचीही गरज नाही. ‘क’ने खिशात आमिष ठेवून ‘य’च्या कुत्र्यास मागे लावले, कुत्रा निघाला की चोरी झाली. रस्त्यावर पडलेली, कोणाच्याच ताब्यात नसलेली अंगठी ‘क’ने उचलली; ही चोरी नव्हे, क्वचित अपहार होईल. दुसऱ्याची वस्तू स्वतःचीच समजून कोणी सद्‌भावाने नेली, तर काहीच गुन्हा नाही.

सर्वांत चमत्कारिक दाखला घड्याळाचा आहे. ‘क’ने आपले घड्याळ दुरुस्तीस दिले, घड्याळजीचे पैसे देणे आहे आणि त्यासाठी तो ते कायदेशीरपणे अडकवून ठेवीत आहे. तो हक्क बुडवावा म्हणून ‘क’ ते त्याच्या ताब्यातून काढून घेतो. घड्याळ ‘क’चेच, तरी चोर ‘क’च! उलट देणे काहीच नसता त्याने ते हिसकावून नेले, तर दांडगाई झाली असेल, चोरी नव्हे. मालकी आणि ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानी ठेवण्यास याहून सोपा मार्ग मला तरी ठाऊक नाही. मेकॉलेच्या टिपणीत तर असेही म्हटले आहे की दुसऱ्याच्या दौतीत टाक बुडविणे हीदेखील काटेकोर अर्थाने चोरीच. म्हणून कोणाही समंजस माणसाने ज्याबद्दल तक्रार करू नये अशा क्षुल्लक अपायास गुन्ह्यातून वगळणारे कलम घालावे लागले. ते पंचाण्णवे कलम नसते तर आमच्या कचेऱ्यांतील एकही मेज निर्दोष ठरले नसते.

हाताइतकाच मनाचाही विचार ही पोथी करते. रिकाम्या खिशात हात घालणारा खिसेकापू काही न मिळताही प्रयत्नाचा गुन्हेगार ठरतो. सात वर्षांखालील मुलाचे कृत्य गुन्हा होत नाही. मृत्यू घडला म्हणजे खूनच झाला असे नव्हे. हेतू, जखमेचे स्वरूप, अचानक व गंभीर चिथावणी यांवरून सदोष मनुष्यवध आणि खून यांत अंतर पडते, आणि ते अंतर कित्येकदा फाशीच्या दोराइतके असते. या दृष्टीने शनिवारवाड्याकडे पुन्हा पाहावे. लोकस्मृती म्हणते, ‘धरावे’ या शब्दातील एका अक्षराचा फेर झाला आणि ‘मारावे’ झाले. ती कथा खरी मानली, आणि रघुनाथरावाची आज्ञा केवळ धरण्याची होती असेही मानले, तरी १८६० च्या कायद्याने त्याची सुटका सहज झाली नसती. चिथावणी एका कृत्याची दिली आणि घडले दुसरे, तरी ते दुसरे कृत्य पहिल्याचा संभाव्य परिणाम असेल तर चिथावणी देणारा जबाबदार, असे त्यात कलम आहे. पगार थकल्याने चिडलेले सशस्त्र गारदी एका तरुण पेशव्यावर सोडणे, याचा संभाव्य परिणाम काय, हे रामशास्त्र्यांना कलमावाचून कळले होते.

अनेकांनी मिळून केलेल्या कृत्याविषयीचा सर्वांत प्रसिद्ध खटलाही याच शहरातला, आणि तो आपणा नोकरदारांच्या मनास विशेष लागणारा आहे. ३ ऑगस्ट १९२३ रोजी शंखारीटोला येथील डाकघरात पोस्टमास्तर मागच्या खोलीत मेजावर रोकड मोजीत बसले होते. अंगणाकडील दारात काही इसम आले, त्यांनी पैसे मागितले आणि जवळजवळ त्याच क्षणी गोळ्या झाडल्या. पोस्टमास्तर मेले, पैसे न घेताच मारेकरी पळाले. डाकघरातील एका साहाय्यकाने पाठलाग केला, तेव्हा एकजण सापडला. मी बाहेर अंगणात उभा होतो, मी गोळी झाडली नाही, असा त्याचा बचाव. वाद प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि तेथे ठरले की सर्वांचा सामाईक इरादा असेल तर दाराशी उभा राहणाराही त्या कृत्यात सामील होय. चौतिसाव्या कलमाचा अर्थ देशभर त्या दिवसापासून असा स्थिर झाला. त्या पाठलाग करणाऱ्या साहाय्यकाचे धैर्य मात्र कलमांच्या चर्चेत हरवून गेले.

याच्या उलट बाजूचे उदाहरण उत्तर बंगालचे. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे जगातील पहिले कार्यालय निघाले. त्याच सुमारास जलपायगुडीकडे एका चहाच्या मळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला आणि ऐवज गेला. मागे एका बंगाली पंचांगावर अंगठ्याचा रक्ताळलेला ठसा राहिला, तो एका जुन्या, पूर्वी शिक्षा भोगलेल्या नोकराचा निघाला. शास्त्राचा केवढा विजय! तरीही १८९८ मध्ये न्यायालयाने त्यास चोरीबद्दल शिक्षा दिली व खुनातून सोडले. ठशाने तो तेथे होता आणि ऐवजाजवळ गेला होता एवढे सिद्ध झाले. त्यानेच मारले, हे झाले नाही. चोरीची अंगे भरली, खुनाचे एक अंग रिकामे राहिले. लोकांस हा निकाल रुचला नसेल, पण पोलिसांत नव्याने येणाऱ्या तरुणास द्यावयाचा याहून चांगला पाठ मला सुचत नाही.

व्याख्या सैल असली म्हणजे काय होते, हेही आम्हा मराठी लोकांस चांगले ठाऊक आहे. मेकॉलेच्या मसुद्यात राजद्रोहाचे कलम होते. १८६० च्या कायद्यात ते गळाले आणि १८७० मध्ये १२४-अ या क्रमांकाने आत शिरले. चोरीसाठी पाच अंगे मोजणाऱ्या पोथीत या गुन्ह्याचे सारे ओझे ‘अप्रीती’ या एका मनोभावावर टाकले होते. १८९१ मध्ये कलकत्त्यास ‘बंगवासी’ पत्रावर खटला झाला, तेव्हा सर न्यायाधीश पेथरम यांनी अप्रीती म्हणजे प्रीतीच्या उलट भावना, असा अर्थ केला. ज्यूरीचे एकमत न होता अखेर माफीवर प्रकरण मिटले. सहा वर्षांनी मुंबईस टिळकांवरील खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी एक पाऊल पुढे टाकून अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव, असे ज्यूरीस सांगितले. सहा युरोपीय ज्यूरर एका बाजूस, तीन हिंदी दुसऱ्या बाजूस. शिक्षा अठरा महिने. प्रीतीचा अभाव हा गुन्हा ठरला तर त्या राज्यात निर्दोष कोण उरणार होता? १९०८ मध्ये मुझफ्फरपूरच्या बाँबवरील ‘केसरी’तील लेखांबद्दल याच कलमाखाली सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तो बाँब कलकत्त्याचे माजी मॅजिस्ट्रेट किंग्जफर्ड यांच्यासाठी होता आणि त्याने बळी घेतला तो केनेडी या मायलेकींचा; एकास मारण्याच्या हेतूने दुसरा मेला तरी तो वधच, हे कलमही त्याच पोथीत होते.

स्वतंत्र भारतातही १२४-अ राहिले. १९६२ मध्ये केदारनाथ सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यास हिंसेची चिथावणी वा सार्वजनिक अव्यवस्थेची प्रवृत्ती एवढी मर्यादा घातली, आणि मे २०२२ मध्ये त्याचा अंमल थांबविला. १ जुलै २०२४ पासून ५११ कलमांच्या दंडसंहितेच्या जागी ३५८ कलमांची भारतीय न्याय संहिता आली. राजद्रोह हा शब्द गेला. पण देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता यांस धोका आणण्याविषयीचे १५२ वे कलम आले, आणि त्याच्या शब्दांची अंगे न्यायालयांनी किती काटेकोर मोजावीत, हा वाद सुरू झाला आहे. चोरीचे ३७८ आता ३०३ झाले. पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या पहिल्या चोरीस, माल वा त्याची किंमत परत केल्यावर, समाजसेवेची शिक्षा आली. शिपायांस नवे आकडे पाठ करावे लागले. दाखले मात्र बहुतेक तेच आहेत: चौरंगीवरच्या त्या घरातून निघालेला ‘क’ अजून ‘य’च्या जमिनीतील झाड तोडतो आहे, आणि ‘य’चा कुत्रा अजून त्याच्या खिशामागे चालला आहे.