‘पत्री’ शब्दाची कुळकथा

सांगली-मिरजेला लागून असलेले कुपवाड आज कारखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. अशा गावी ‘पत्री’ हा शब्द ऐकला की पत्र्याची पेटी किंवा डबा आठवावा, हे स्वाभाविक होय. भाद्रपदात गणपतीला वाहावयाची पाने, तीही पत्रीच. जुना शेतकरी मात्र बैलाच्या खुराला ठोकावयाच्या लोखंडी पट्टीला पत्री म्हणतो. याच शब्दापुढे ‘सरकार’ जोडले गेले आणि त्याला इतिहासात स्थान मिळाले.

१९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्हा आजच्याहून मोठा होता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके त्यातच मोडत. सांगली व मिरज ही संस्थाने निराळी. बेचाळीसची चळवळ इतरत्र ओसरू लागली असता, कुपवाडच्या वायव्येस कुंडल-वाळव्याच्या टापूत नाना पाटील, जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी आदींनी भूमिगत राहून इंग्रजी सत्तेला समांतर कारभार उभा केला. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची आगगाडी लुटली गेली. तुफान सेना उभी राहिली, गावोगाव न्यायनिवाडे होऊ लागले. या कारभाराचे नाव प्रतिसरकार.

पण ‘प्रति’ हा शब्द पडला संस्कृत वळणाचा. ज्या जिभेवर ‘नुकसान’चे ‘नुस्कान’ होते, तिच्यावर ‘प्रति’तला रकार जागा सोडून पुढे सरकला आणि ‘पत्री’ झाले, यात नवल नाही. व्याकरणकार यालाच वर्णविपर्यय म्हणतात. तथापि केवळ उच्चाराच्या सोयीने हा शब्द टिकला नसता. बैलाला पत्री ठोकताना त्याला आडवा पाडून त्याचे पाय दोरखंडाने जखडतात. प्रतिसरकारच्या शिक्षेतही अपराध्याला असेच आडवे करून त्याच्या तळपायांवर काठीचे तडाखे देत. तेव्हा ‘पत्री मारली’ ही उपमा शेतकऱ्याच्या ओठी आपसूक आली. तळपायात खरोखरच लोखंड ठोकतात, अशी वार्ता दूरवर पसरली. कार्यकर्त्यांच्या आठवणींत मात्र काठीच आढळते. वार्तेने काठीहून अधिक काम केले असावे.

बोलणारा बदलला की अर्थही बदले. सावकार आणि पोलिसांचा खबऱ्या यांना त्या शब्दाने धडकी भरे. सरकारी अंमलदाराच्या तोंडी तो बेबंदशाहीचा वाचक होई. गांजलेल्या कुणब्याला त्यात गावगुंडाच्या पारिपत्याचे समाधान लाभे. चळवळीच्या पुरस्कर्त्यांना ‘प्रतिसरकार’ हेच नाव रुचावे, हेही रास्त आहे. कारण ‘पत्री’ म्हटले की लोकन्यायालये, दारूबंदी, अल्प खर्चातील गांधीविवाह हे सारे काठीच्या छायेत लपते. तरीही तो शब्द अगदीच खोटा नव्हे. ज्या न्यायसभेपाशी तुरुंग नव्हता, तिच्या निवाड्यामागे शेवटी काठीच उभी होती. १९४४ मध्ये सुटकेनंतर गांधीजींनी भूमिगतांना प्रकट होण्याचा सल्ला दिला, त्यावेळीही साताऱ्यातील बहुतेक कार्यकर्ते भूमिगतच राहिले. नाना पाटील प्रकट झाले ते १९४६ साली.

१९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. पुढे शेतात ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले आणि पत्री ठोकणारेही विरळ झाले. परिणामी त्या शब्दातील उपमा विसरली गेली. कारखान्यातला पत्रा रोज पाहणाऱ्या तरुणाला आता ‘पत्री सरकार’ म्हणताच तळपायाला ठोकलेला पत्राच दिसतो, आणि जी त्या काळी वार्ता होती तिलाच तो इतिहास समजतो.