पगार हातात येण्याआधीच कर कसा कापला जाऊ लागला? १९४४ ची ब्रिटिश गोष्ट

महिनाअखेरीला बँकेचा मेसेज येतो, आपण आकडा बघतो आणि पहिला प्रश्न पडतो: एवढाच? बाकीचे कुठे गेले? उत्तर पगारपत्रकात असतं. त्यातला काही भाग सरकारकडे गेलेला असतो, आणि तो कापून पाठवायचं काम आपल्या कंपनीने केलेलं असतं. पण कर सरकारचा आणि कमाई आपली, तर कंपनी मध्ये कशी आली? आजच्या भागात ब्रिटनमध्ये हे कसं घडलं ते बघू.

ब्रिटनमध्ये आयकर पहिल्यांदा आला १७९९ मध्ये, फ्रान्सबरोबरच्या युद्धाच्या खर्चासाठी. १८१६ मध्ये तो रद्द झाला आणि १८४२ मध्ये परत आला, तो कायमचाच. तरी पुढची शंभर वर्षं सामान्य कामगाराचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता. दुसऱ्या महायुद्धाआधी आयकर भरणारे होते साधारण ४० लाख. त्यांतले बरेचसे बऱ्यापैकी कमावणारे लोक. ते वर्षातून दोनदा कर भरायचे.

मग युद्ध आलं. सरकारला पैसा हवा होता. १९४१ मध्ये आयकराचा मुख्य दर पौंडाला १० शिलिंग झाला, म्हणजे थेट ५० टक्के! करमाफीची मर्यादा खाली आली, आणि कारखान्यांत ओव्हरटाइममुळे मजुरी वाढली. युद्ध संपेपर्यंत करदाते १ कोटी २० लाखांच्या घरात गेले. आता आठवड्याच्या मजुरीवर घर चालवणारा माणूस सहा महिन्यांचा कर एकरकमी कुठून आणणार?

म्हणून १९४० मध्ये मालकांना सांगण्यात आलं, कर मजुरीतून कापा. पण यात एक गोची होती. कापला जाणारा कर असायचा मागच्या काळातल्या कमाईवर. म्हणजे उन्हाळ्यात भरपूर ओव्हरटाइम केला, त्याचा कर हिवाळ्यात कापला जाणार. तोवर ओव्हरटाइम बंद झाला असेल, माणूस आजारी असेल, तरी कपात चालूच! शिवाय युद्ध संपलं की कमाई घटणार आणि जुन्या कमाईचा कर मात्र डोक्यावर राहणार, हे दिसतच होतं.

यावर तोडगा काढण्यात महत्त्वाचं नाव आहे पॉल चेंबर्स. आणि इथे आपला थेट संबंध येतो. हे चेंबर्स ब्रिटनच्या कर खात्यातले, पण त्याआधी ते भारत सरकारचे आयकर सल्लागार होते. भारतात पगारातून परस्पर कर कापायची पद्धत तेव्हा होतीच. १९२२ च्या आयकर कायद्यातही ती होती.

नव्या योजनेचं नाव ‘पे ॲज यू अर्न’, जसं कमवाल तसं भरा. तिची खरी गंमत हिशोबात आहे. समजा, वर्षाला १०४ पौंड करमुक्त, म्हणजे आठवड्याला २. कर धरू १० टक्के. दहा आठवडे ५ पौंड मजुरी मिळाली: एकूण ५०, त्यातले २० करमुक्त, उरलेल्या ३० वर ३ पौंड कर कापला. अकराव्या आठवड्यात आजारपणामुळे मजुरी शून्य. आता करमुक्त रक्कम झाली २२, करपात्र उरले २८, कर २ पौंड १६ शिलिंग. म्हणजे ४ शिलिंग जास्त गेले, ते परत! ज्या आठवड्यात घरात पैसा नाही, त्याच आठवड्यात.

दर आठवड्याला हा हिशोब करणार कोण? मालक. प्रत्येक कामगाराचा एक कोड, सोबत छापील तक्ते आणि नोकरी सोडताना पी-४५ नावाचा कागद, म्हणजे पुढचा मालक हिशोब तिथूनच पुढे नेईल. आजही तिकडे ‘पी-४५ मिळाला’ म्हणजे नोकरी गेली!

अर्थमंत्री किंग्स्ली वुड ही योजना २१ सप्टेंबर १९४३ ला संसदेत मांडणार होते. त्याच दिवशी सकाळी त्यांचं निधन झालं. त्यांच्या जागी आलेले जॉन अँडरसन हे बंगालचे माजी गव्हर्नर. त्यांनी काम पुढे नेलं आणि ६ एप्रिल १९४४ पासून योजना लागू झाली.

युद्ध संपलं, योजना राहिली. १९७५ पासून सामाजिक विम्याची वर्गणीही याच वाटेने जाऊ लागली. २०१३ पासून मालकाला दर पगाराची माहिती पगाराच्या वेळीच ऑनलाइन द्यावी लागते. एप्रिल २०२५ मध्ये मालकाच्या वाट्याची वर्गणी १३.८ वरून १५ टक्के झाली. छोट्या दुकानदारालाही हा सगळा हिशोब ठेवावा लागतो, आणि कर गोळा करण्याचा मेहनताना सरकार देत नाही.

कामगाराची मात्र एकरकमी कराच्या धसक्यातून सुटका झाली. पण त्याची किंमतही आहे. जो पैसा हातात आलाच नाही, तो गेल्याचं फारसं जाणवत नाही. हाताने नोटा मोजून कर भरणारा माणूस सरकारला जाब विचारतो, आपण फक्त खालचा आकडा बघतो. तेव्हा या महिन्यात पगारपत्रक उघडाल, तेव्हा कपातीची ओळही वाचा. तो पैसाही तुम्हीच कमावलाय.

भेटू पुढच्या भागात!