जव्हार-मोखाड्याचा आठवडी बाजार : एका दिवसाच्या सहलीत काय बघाल?

जव्हारला जाणारे बहुतेक जण मुकणे राजांचा जयविलास पॅलेस आणि दाभोसा धबधबा बघून परततात. पालघर जिल्ह्यातल्या या डोंगराळ भागाची खरी ओळख मात्र आठवडी बाजारात होते.

थायलंडमधला दम्नोएन सादुआकचा तरंगता बाजार सगळ्यांनी रील्समध्ये पाहिलेला असतो. 1860 च्या दशकात खोदलेल्या कालव्यावर शेतकरी होडीतून माल विकायला येत. पुढे रस्ते झाले, नेहमीचं गिऱ्हाईक तिकडे वळलं, आणि आज तिथल्या होड्या मुख्यतः पर्यटकांसाठी चालतात. जव्हार-मोखाड्याचा बाजार अजून तसा झालेला नाही. तो भरतो तो आसपासच्या पाड्यांसाठी.

वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशा समाजांतल्या बायका पहाटेच पाड्यावरून निघतात, पायी किंवा भरलेल्या जीपने. जंगलातून आणलेला माल विकायचा आणि त्याच पैशांत तेल, मीठ, मिरची, सुकट, बोंबील घेऊन घरी जायचं, असा हा हिशेब. म्हणून दुपारनंतर बाजार ओसरतो. सकाळीच पोहोचा.

इथे माल ऋतूप्रमाणे बदलतो. उन्हाळ्यात मोहाची फुलं, मग करवंदं. पहिल्या पावसानंतर शेवळं येतात. शेवळं घेतलीत तर शेजारी मिळणारी काकडाची आंबट फळंही घ्या. ती किंवा चिंच घातली नाही, तर भाजीने घसा खाजतो! त्यामागोमाग बांबूचे कोवळे कोंब, टाकळा, करटोली. दिवाळीच्या सुमारास नाचणी, वरई, उडीद आणि खुरासणी. रानभाजी सहसा वजनावर नाही, वाट्यावर मिळते.

त्या वाट्यासाठी घासाघीस करण्यात अर्थ नाही. त्यामागे अर्ध्या दिवसाची रानातली पायपीट असते. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. पावसाळी भातशेती संपली की आजही अनेक कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला जातात. अशा भागात बाजाराच्या दिवशी हातात येणारी रोख रक्कम थेट चुलीपर्यंत जाते.

स्थलांतर केलेली माणसं सणाला गावी परततात, म्हणून होळीआधीचा बाजार सर्वांत मोठा आणि गजबजलेला. नवे कपडे, बांगड्या, मुलांसाठी खाऊ, सगळी खरेदी तेव्हाच होते.

मुंबईहून मनोर-विक्रमगडमार्गे जव्हार साधारण दीडशे किलोमीटर आहे. नाशिकहून त्र्यंबकेश्वर, मोखाडामार्गे सुमारे ऐंशी. प्रत्येक गावचा बाजाराचा वार वेगळा असतो, तो निघण्याआधी स्थानिकांना विचारून घ्या. सुटे पैसे आणि कापडी पिशवी जवळ ठेवा. फोटो काढायचा असेल, तर आधी समोरच्या मावशींना विचारा.