किनारी सहल आणि जहाजाची वेळ : 'क्वेकर सिटी' (१८६७) पासून मुंबई बंदरापर्यंत

प्रस्तावना

सागरी पर्यटनाच्या इतिहासात जहाजांचे वर्णन विपुल आढळते. त्यांची लांबी-रुंदी, भोजनगृहे, नृत्यदालने आणि त्यांवरून प्रवास केलेली नामवंत मंडळी यांविषयी ग्रंथांची वाण नाही. जहाज बंदरास लागल्यापासून ते पुन्हा सुटेपर्यंतच्या सहा-आठ तासांकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे. वास्तविक क्रूझचा प्रवासी घरी परतल्यावर ज्या आठवणी सांगतो त्यांतील बहुतेक या तासांतल्याच असतात. त्याचे नुकसान होते तेही प्रायः याच तासांत.

किनारी सहलीची आखणी हा आज सर्वसाधारणपणे सोयीचा व खर्चाचा प्रश्न समजला जातो. सहल जहाज कंपनीकडून घ्यावी की स्थानिक वाटाड्याशी परस्पर ठरवावी, आगाऊ रक्कम किती द्यावी, कोणते स्थळ निवडावे, असे प्रश्न विचारले जातात. प्रस्तुत लेखकाच्या मते या सर्वांच्या मुळाशी एकच ऐतिहासिक प्रश्न आहे. उशीर झाला तर त्याची जोखीम कोणाची? गेल्या दीडशे वर्षांत या प्रश्नाचे उत्तर बदलत गेले आहे. ते बदल समजून घेतले की आजच्या बुकिंगच्या कागदावरील बारीक अक्षरांतील मजकूर अधिक स्पष्टपणे वाचता येतो.

'क्वेकर सिटी'चे पत्रक

हौशी प्रवाशांचे सागरी पर्यटन १८६७ च्या आधीही होते. इंग्रज कादंबरीकार थॅकरे याने १८४४ मध्ये पी. अँड ओ. कंपनीच्या जहाजांतून भूमध्य समुद्राची सफर केली आणि १८४६ मध्ये तिच्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. परंतु ती जहाजे टपाल व उतारू नेणारी होती. प्रवासी त्यांच्या सोयीने चढत-उतरत असे. केवळ सहलीसाठी एक संपूर्ण जहाज, ठरलेली बंदरे आणि ठरलेले भाडे ही कल्पना 'क्वेकर सिटी' या अमेरिकन वाफेच्या जहाजाच्या सफरीत प्रथमच इतक्या ठळक स्वरूपात दिसते. हे जहाज ८ जून १८६७ रोजी न्यूयॉर्कहून निघाले आणि १९ नोव्हेंबरला परतले. मार्क ट्वेन त्यावर वार्ताहर म्हणून होता. त्याच्या १८६९ मधील 'द इनोसंट्स अब्रॉड' या ग्रंथात सफरीचे छापील पत्रकही समाविष्ट आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला विनोदाइतकेच हे पत्रकही मोलाचे वाटते.

पत्रकानुसार भाडे १,२५० डॉलर होते आणि त्याच्या दहा टक्के रक्कम आगाऊ भरावयाची होती. किनाऱ्यावरचा खर्च भाड्यात धरलेला नव्हता. त्यासाठी दररोज सोन्याच्या चलनात पाच डॉलर पुरेसे होतील, एवढाच अंदाज दिला होता. म्हणजे जहाजाने समुद्राची जबाबदारी घेतली आणि जमीन प्रवाशांवर सोपविली. सर्व प्रवाशांच्या एकमताने मार्ग बदलता येईल, अशी तरतूदही त्यात होती. आजच्या प्रवाशाला ती स्वप्नवत वाटेल. ज्याला पॅरिसमध्ये अधिक काळ राहावयाचे असेल त्याने स्वित्झर्लंडमार्गे खाली उतरून जिनोआ येथे पुन्हा जहाज गाठावे, असेही पत्रकात सुचविले होते. एका बंदरात उतरावे आणि दुसऱ्या बंदरात चढावे, ही पद्धत त्या सफरीत सहज मान्य होती.

या स्वातंत्र्याचा लाभ नेपल्स येथे दिसून आला. त्या काळात भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर पटकीची साथ होती आणि ठिकठिकाणी क्वारंटाइनचे नियम कडक होते. नेपल्सच्या बंदरात 'क्वेकर सिटी' अडकवून ठेवण्यात आली. जहाजावर राहिलेल्यांना शहर केवळ दुरून पाहावे लागले. ट्वेन आणि त्याचे सोबती मात्र रोमहून आगगाडीने आले होते. त्यांना नेपल्समध्ये मोकळेपणाने फिरता आले. जहाजाला बिलगून राहणाराच सुरक्षित असतो, या आजच्या सर्वमान्य सल्ल्याला हा एक जुना अपवाद आहे.

पिरियस बंदरात उलट घडले. अथेन्समध्ये उतरण्यासाठी अकरा दिवस क्वारंटाइनमध्ये थांबावे लागेल, असे अधिकाऱ्यांनी कळविले. कप्तानाने तेवढे थांबण्यास नकार दिला आणि आवश्यक सामग्री घेऊन निघण्याचे ठरविले. तेव्हा ट्वेन आणि अन्य तिघे रात्री लहान होडीने गुपचूप किनाऱ्यावर गेले, चांदण्यात पायी अॅक्रॉपोलिस गाठले, पहारेकऱ्यांना पैसे देऊन आत शिरले आणि पहाटे जहाजावर परतले. वाचताना ही हकीकत रंजक वाटते. साथरोगाच्या काळातील नियमभंग म्हणून मात्र ती निंद्यच ठरते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिचे महत्त्व वेगळे आहे. चौघे पकडले गेले असते तर जहाज त्यांच्यासाठी थांबले असते, असे मानण्यास कोणताही आधार नव्हता.

सर्वांत उद्बोधक आहे ती बैरुतहून काढलेली सीरिया-पॅलेस्टाईनची सहल. आठ प्रवाशांनी एका ड्रॅगोमनशी, म्हणजे दुभाषी वाटाड्याशी करार केला. माणशी दररोज सोन्याचे पाच डॉलर या दराने तंबू, घोडे, भोजन, नोकर अशी सर्व व्यवस्था त्याने करावयाची होती. त्याने आठ जणांसाठी एकोणीस नोकर आणि सव्वीस सामानवाहू खेचरे आणली. पत्रकातील अंदाज आणि ड्रॅगोमनचा दर तंतोतंत जुळतात, हा निव्वळ योगायोग असेल असे वाटत नाही. छापील अंदाज एकदा जाहीर झाला की तोच बाजारभाव होऊन बसतो, हा अनुभव आजही कोणत्याही बंदरात येतो. याच सहलीत दमास्कसचा तीन दिवसांचा पल्ला दोन दिवसांहून कमी वेळात उरकण्यात आला, कारण सोबत्यांपैकी तिघांना रविवारी प्रवास करावयाचा नव्हता. त्याचा त्रास थकलेल्या घोड्यांना भोगावा लागला आणि ट्वेनने त्यावर कठोर शब्दांत लिहिले आहे. तोकडा वेळ आणि न सोडता येणारा संकल्प यांच्या कात्रीत किनारी सहलीत नेहमीच कोणीतरी भरडले जाते. पुष्कळदा तो प्रवासी नसतो.

जमीनही जहाजाच्या हिशेबात

यानंतरच्या अर्धशतकात जमिनीवरची व्यवस्था हळूहळू संघटित झाली. टॉमस कुकने १८६९ मध्ये इजिप्त व पॅलेस्टाईनकडे पहिली सहल नेली. १८७२-७३ च्या जगप्रदक्षिणेत तो भारतातून गेला आणि मुंबईहून पुढे इजिप्तकडे रवाना झाला. हॉटेलची कुपने, ठरलेले दर आणि ठरलेले वाटाडे यांमुळे प्रवाशाला प्रत्येक बंदरात नव्याने घासाघीस करण्याची गरज उरली नाही. जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म याच्या १८९८ मधील पॅलेस्टाईन दौऱ्याची व्यवस्थाही कुकच्याच पेढीकडे होती.

दरम्यान २२ जानेवारी १८९१ रोजी हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीचे 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' हे जहाज २४१ प्रवाशांसह भूमध्य समुद्राकडे निघाले. या सफरीमागे कंपनीचा संचालक आल्बर्ट बॅलिन याचा साधा व्यापारी हिशेब होता. हिवाळ्यात अटलांटिक ओलांडणारे प्रवासी घटतात, मग जहाज रिकामे का ठेवावे? या मार्गावर याफा हे एक बंदर होते. तेथे मोठ्या जहाजांसाठी धक्का नव्हता. खडकांमधून लहान होड्यांनी उतरावे लागे. जेरुसलेमपर्यंतची रेल्वे १८९२ मध्ये सुरू झाली. समुद्र खवळलेला असेल तर होड्या निघत नसत आणि जेरुसलेम चुकत असे. बंदरच वगळले गेले तर सहलीच्या पैशाचे काय, हा आजचा प्रश्न याफाच्या खडकांइतका जुना आहे.

१९०९-१० मध्ये 'क्लीव्हलँड' हे जहाज शेकडो अमेरिकन प्रवाशांना घेऊन जगाच्या सफरीवर निघाले. मुंबई हे त्याच्या मार्गावरील एक बंदर होते. १९२२-२३ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेसने क्युनार्डचे 'लॅकोनिया' भाड्याने घेऊन जगप्रदक्षिणा घडविली. येथे एक मूलभूत बदल पूर्ण झालेला दिसतो. प्रवासाची विक्री करणारी संस्था आता समुद्र आणि जमीन दोन्ही विकत होती. प्रवाशाला निश्चिंतता लाभली. निवडीचे स्वातंत्र्य आकुंचित झाले. ड्रॅगोमनचे स्थानही पालटले. १८६७ मध्ये तो प्रवाशाशी थेट करार करणारा कंत्राटदार होता. पुढे तो दलालांच्या साखळीतील शेवटचा दुवा झाला आणि प्रवाशाने मोजलेल्या रकमेतील त्याचा वाटा त्या प्रवाशाला कळेनासा झाला.

आजचा करार कसा वाचावा

आजची सर्वसाधारण व्यवस्था अशी आहे. जहाज कंपनीमार्फत घेतलेली सहल उशिरा परतली तर जहाज थांबते, किंवा कंपनी प्रवाशांना स्वखर्चाने पुढच्या बंदरात पोहोचविते. परस्पर ठरविलेल्या सहलीस ही हमी लागू नसते. मार्च २०२४ मध्ये आफ्रिकेच्या पश्चिमेकडील साओ टोमे बेटावर खासगी सहलीस गेलेले आठ प्रवासी उशिरा परतले. तटरक्षक दलाच्या बोटीने ते जहाजाजवळ गेले, तरी त्यांना वर घेण्यात आले नाही. गांबियात जहाज गाठण्याचा त्यांचा प्रयत्नही फसला, कारण तेथील थांबाच रद्द झाला होता. अखेर सेनेगलमधील डाकार येथे त्यांना जहाज मिळाले.

या हमीची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. ती वेळेची हमी आहे, जिवाची नव्हे. न्यूझीलंडमधील व्हाइट आयलंड (व्हाकारी) येथे ९ डिसेंबर २०१९ रोजी ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्या वेळी बेटावर ४७ माणसे होती व त्यांतील बहुसंख्य एका क्रूझ जहाजावरून सहलीस आलेली होती. बावीस जणांचा मृत्यू झाला. धोक्याची पातळी सुमारे तीन आठवडे आधी वाढविण्यात आली होती. सहल जहाजाच्या यादीत आहे म्हणून तिची जोखीम कोणीतरी तपासली असेलच, असे गृहीत धरणे योग्य नाही. त्या स्थळाविषयीची सरकारी सूचना प्रवाशाने स्वतः पाहावी. पेढीच्या नावाचेही तसेच आहे. टॉमस कुक ही जुनी कंपनी २३ सप्टेंबर २०१९ रोजी कोसळली, तेव्हा हजारो प्रवासी परदेशात होते.

परस्पर सहल ठरविणाऱ्याने परतीच्या वेळेपासून उलटा हिशेब करावा. सुटण्याच्या वेळेला येथे महत्त्व नाही. जहाजावर हजर होण्याची वेळ त्याच्या अर्धा-एक तास आधीची असते आणि ती जहाजाच्या घड्याळाप्रमाणे मोजतात. हे घड्याळ स्थानिक वेळेशी जुळतेच असे नाही. जहाज धक्क्याला न लागता बाहेर नांगरणार असेल तर लाँचच्या रांगेत दोन्ही वेळा जाणारा काळ वजा करावा. सर्वांत दूरचे स्थळ प्रथम पाहावे आणि शहराकडे परतत यावे. बंदरच रद्द झाले तर पूर्ण रक्कम परत मिळेल, हे वाटाड्याकडून लेखी घ्यावे. पारपत्राची प्रत, त्या बंदरातील जहाजाच्या एजंटाचा दूरध्वनी आणि एक-दोन दिवसांची औषधे खिशात असावीत.

भारतीय प्रवाशासाठी व्हिसाचा विषय वेगळा व अधिक कठीण आहे. सेव्हास्तोपोल येथे ट्वेन आपल्या सोबत्याच्या पारपत्रावर किनाऱ्यावर उतरला. ते दिवस गेले. इटली आणि ग्रीसबरोबर तुर्कस्तानातही थांबणाऱ्या जहाजावर प्रवासी शेंगेन क्षेत्राबाहेर जाऊन पुन्हा आत येतो. एकाच प्रवेशाचा व्हिसा अशा वेळी निरुपयोगी ठरतो. सहलीचे पैसे भरण्यापूर्वी मार्गावरील देशांचा क्रम पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

मुंबई बंदर

हाच हिशेब आपल्या बंदरास लावून पाहण्यासारखा आहे. बाहेरून येणारे अभ्यासक-पाहुणे किंवा परदेशस्थ मराठी कुटुंबे अनेकदा विचारतात की, एका दिवसाच्या थांब्यात काय पाहावे? उत्तर बहुधा घारापुरी असे दिले जाते. ते चुकीचे नाही. १९८७ पासून ही लेणी जागतिक वारसा यादीत आहेत आणि बॅलार्ड पिअरपासून गेटवे ऑफ इंडिया फार दूर नाही. परंतु लाँचला जाताना सुमारे एक तास आणि येताना तितकाच वेळ लागतो. त्यात तिकिटाची व बोट भरण्याची प्रतीक्षा, बेटाच्या लांब धक्क्यावरील चाल आणि शंभराहून अधिक पायऱ्यांची चढण मिळविली की लेण्यांसाठी दीड तास राखूनही पाच तास सहज जातात. जहाज सकाळी आठला लागून संध्याकाळी सहाला सुटणार असेल, तर उतरण्याचे सोपस्कार धरून दिवसात दुसरे काही बसत नाही. पावसाळ्यात लाँच बंद राहण्याची शक्यता असते. आग्र्याचा विचार एका दिवसात करूच नये. ज्यांना तो करावयाचा आहे त्यांनी १८६७ च्या पत्रकाप्रमाणे एका बंदरात उतरून दुसऱ्या बंदरात चढण्याची परवानगी कंपनीकडून आधी लेखी मिळवावी आणि ताजमहाल शुक्रवारी बंद असतो हे लक्षात ठेवावे.

घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. कान्हेरी ज्या राष्ट्रीय उद्यानात आहे तेही सोमवारी बंद असते. जहाज सोमवारी लागणार असेल तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारती पाहाव्यात. पहिले स्थळ २००४ मध्ये आणि दुसरे २०१८ मध्ये वारसा यादीत आले. ही दोन्ही बाहेरून पाहण्याची स्थळे असल्याने तेथे तिकिटाची खिडकी आड येत नाही, आणि जहाजाची वेळ जवळ आली तर कोणत्याही कोपऱ्यावरून टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांत बॅलार्ड पिअरला पोहोचता येते.