पाळण्याजवळचे मुंगूस : एका कथेचा प्रवास

घरात तान्हे मूल आहे आणि जनावरही आहे. त्या दोघांना एकत्र सोडून बाहेर जावे की नाही? हा प्रश्न आजच्या पालकांना पडतो, तसाच तो पंचतंत्रकारालाही पडला होता. ‘अपरीक्षितकारक’ या पाचव्या तंत्रातील ब्राह्मणी आणि मुंगसाची कथा आपण शाळेत ‘अविचाराने कृती करू नये’ या तात्पर्यासह वाचलेली असते. ते तात्पर्य बाजूला ठेवून या कथेचा इतिहास पाहावा, असे आम्हांला वाटते.

पंचतंत्राच्या प्रचलित पाठात ब्राह्मणी अनाथ मुंगसाला स्वतःच्या मुलाबरोबर अंगावर पाजते, तेल लावून न्हाऊ घालते. पण त्याच्यावर तिचा विश्वास नाही. जातिस्वभावाने ते मुलाला इजा करील अशी धास्ती तिच्या मनात कायम आहे. ती पाण्याला जाते, मुलावर लक्ष ठेवण्यास सांगितलेला नवराही भिक्षेसाठी निघून जातो. बिळातून निघालेल्या काळ्या सापाचे मुंगूस तुकडे करते आणि रक्ताळलेल्या तोंडाने मोठ्या आनंदाने तिच्यासमोर येते. ती त्याच्या अंगावर घागर टाकते. हितोपदेशात हा वध नवऱ्याच्या हातून होतो. राजाकडून श्राद्धाचे बोलावणे आल्याने तो मूल मुंगसाच्या स्वाधीन करून गेलेला असतो.

सहाव्या शतकात इराणच्या खुस्रो अनुशिर्वानच्या काळी पंचतंत्र पहलवीत गेले. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाने ‘कलीला व दिम्ना’ या नावाने ते अरबीत आणले. पुढे हिब्रू आणि लॅटिन अनुवादांतून ते युरोपभर पसरले. प्रवासात मुंगसाचा कुत्रा झाला. वेल्समधील बेडगेलर्ट गावी राजपुत्र लिवेलिनच्या गेलर्ट नामक कुत्र्याची समाधी दाखवतात. तेथे सापाच्या जागी लांडगा आहे. ही समाधी अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील एका खाणावळचालकाने प्रवाशांना आकर्षित करण्यासाठी उभारली, असे मानले जाते. म्हणजे इमानाची कथा व्यापाराच्याही उपयोगी पडली.

परंतु या प्रवासातले सर्वांत विलक्षण ठिकाण फ्रान्समधील ल्यों शहराच्या उत्तरेकडील दोंब प्रदेशात आहे. तेराव्या शतकात एतिएन द बुर्बों हा डॉमिनिकन धर्मोपदेशक तेथे फिरत असताना अनेक स्त्रिया आपण संत गिनफोरकडे मुले नेल्याचे सांगू लागल्या. चौकशी करता कळले की हा संत म्हणजे एक शिकारी कुत्रा. त्यानेही सापापासून बाळ वाचवले आणि गैरसमजातून धन्याच्या हातून मेला. त्याला पुरले त्या जागी आया आजारी अर्भके नेत, झुडपांवर बाळंती अडकवीत, बाळाला दोन झाडांच्या मधून पलीकडे देत, शालारॉन नदीत नऊ वेळा बुडवीत. मेणबत्त्यांजवळ एकटी ठेवलेली काही अर्भके भाजून मेल्याचेही एतिएन लिहितो. त्याने कुत्र्याची हाडे उकरून जाळली, राई तोडली. तरीही ही भक्ती एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकून होती. फ्रेंच इतिहासकार जाँ-क्लोद श्मित यांनी १९७९ मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

एकाच घटनेचे हे तीन अर्थ आहेत. पंडिताने तिच्यातून नीती घेतली, खाणावळवाल्याने करुणा विकली आणि ज्यांची मुले वारंवार मरत होती त्या शेतकरी बायांनी मेलेल्या जनावराकडे संरक्षण मागितले. मुलाची राखण करताना जो मेला, तो पुढेही मुले राखील, हा त्यांचा तर्क होता. त्याच तर्कापायी काही मुले दगावली, हेही विसरता येत नाही.

वर्गात ही कथा शिकवताना आपण ब्राह्मणीला उतावीळ ठरवून मोकळे होतो. हा न्याय अपुरा आहे. मुंगूस हिंस्र प्राणी आहे आणि तिची शंका निराधार नव्हती. चूक घागर टाकण्याच्या आधीच झाली होती. मोठ्यांनी करायची राखण एका प्राण्यावर सोपवली गेली आणि मग त्याच्याच स्वभावावर संशय घेतला गेला. प्राणी घरात आणताना आपण त्याच्याकडून मुलांसाठी सोबत, जबाबदारीचे शिक्षण, कधी राखणही अपेक्षितो. पहिल्या ओरखड्याबरोबर मात्र तो पुन्हा ‘जनावर’ होतो.

आणि मूल? आम्ही पाहिलेल्या एकाही पाठात त्याला बोलता येत नाही. ते वाचले, एवढेच आपल्याला सांगितले जाते. त्याने काय गमावले, हे कोणी विचारत नाही. केवळ पंचतंत्रातली आई, भिक्षा घेऊन परतलेल्या नवऱ्याला दोष देताना, पुत्रमृत्यूचे दुःख भोग असे म्हणते. तिचा मुलगा तर पाळण्यात जिवंत असतो. तिच्या लेखी मेला तो दुसरा मुलगा होता. हे तिला उमगले ते मुंगसाच्या मृत्यूनंतर. कथेची खरी शोकांतिका आम्हांला येथे दिसते, तात्पर्याच्या श्लोकात नव्हे.