ब्रेडा आणि पौलाचे पत्र

येशूच्या हयातीतील बारा शिष्यांमध्ये पौल नव्हता, तरीही ख्रिस्ती धर्मविचाराला त्याच्याइतके वळण क्वचितच दुसऱ्या कोणा प्रेषिताने दिले असेल. इ.स. ५७च्या सुमारास लिहिलेल्या ‘रोमकरांस पत्रा’त त्याने असे प्रतिपादन केले, की मनुष्य नियमशास्त्राच्या आचरणाने नव्हे, तर विश्वासाने देवापुढे नीतिमान ठरतो; या तत्त्वास ‘नीतिमानीकरण’ म्हणतात. जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने १५१५-१६मध्ये याच पत्रावर व्याख्याने दिली, पुढे फ्रेंच धर्मसुधारक कॅल्विनने त्यावर भाष्य लिहिले, आणि १५४७ साली ट्रेंट येथील कॅथलिक धर्मपरिषदेने ‘केवळ विश्वासाने’ हा अर्थ नाकारला. नेदरलँड्समधील ब्रेडा शहराने या मतभेदाची झळ पिढ्यान्‌पिढ्या सोसली. स्पेनविरुद्धच्या डच बंडात १५९०मध्ये पीटच्या (इंधनाच्या दलदली मातीच्या) होडीत लपलेल्या सैनिकांनी ते डच सेनापती मॉरिससाठी जिंकले, १६२५मध्ये सेनापती स्पिनोलाने स्पेनसाठी परत घेतले, १६३७मध्ये डच सेनापती फ्रेडरिक हेन्‍रीने पुन्हा मिळवले. आणि प्रत्येक वेळी तेथील महामंदिराची उपासनापद्धती बदलली. या युद्धामागे करांचा व सत्तेचा प्रश्नही तितकाच प्रबळ असल्याने त्याचा दोष पौलाच्या पत्रावर टाकणे अन्यायाचे होईल. शहरातील कॅथलिक परंपरा बेगाइन भगिनींच्या (व्रतस्थ जीवन जगणाऱ्या कॅथलिक स्त्रियांच्या) वसाहतीत टिकली आणि १८५३मध्ये ब्रेडा हे बिशपचे पीठ झाले. नीतिमानीकरणाविषयी कॅथलिक व ल्यूथरपंथीयांनी १९९९मध्ये संयुक्त घोषणापत्र केले. ब्रेडाचे महामंदिर ज्या कॅल्विनपरंपरेकडे गेले, तिच्या जागतिक संघटनेने त्यास २०१७मध्ये मान्यता दिली.